बोट कुठल्या बंदरातून धरावी? मित्रमंडळींच्या क्रूझबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांचा विषय एकच आहे: पन्नाशीच्या आसपासच्या मित्रमैत्रिणींनी मिळून क्रूझला जायचं, तर बोट कोणती आणि ती कुठून धरायची. बहुतेकांनी जहाजाचं नाव पक्कं केलंय आणि बंदर जाहिरातीत दिसलं ते धरलंय. आम्ही हा क्रम उलटा करायला सांगतो. व्हिसा, विमान, आदल्या रात्रीचं हॉटेल, समुद्र शांत की खवळलेला, गुडघ्यांना किती त्रास, हे सगळं बंदरावरून ठरतं. बंदर ठरलं की जहाजांची यादी आपोआप चार-पाचांवर येते.

प्रश्न: आम्ही सहा मैत्रिणी, वय ५२ ते ५८. क्रूझ कुणीच केलेली नाही. मुंबईहून गोवा, सिंगापूर, की एकदाच काय ती युरोपची, यावर आमचा वाद मिटत नाही. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: युरोप दुसऱ्या खेपेला ठेवा. लांबचं विमान, शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) व्हिसाची धावपळ आणि जवळजवळ रोज नवं बंदर. सकाळी सातला उतरायचं, संध्याकाळी पाय ओढत परतायचं. पहिल्यांदा जाणाऱ्याला त्यात बोट अनुभवायलाच मिळत नाही. राहिली मुंबई आणि सिंगापूर.

मुंबईची बोट बॅलार्ड पिअरच्या क्रूझ टर्मिनलवरून सुटते. सीएसएमटीपासून टॅक्सीनं अगदी जवळ. पण टॅक्सीवाल्याला नुसतं 'बोटीचा धक्का' सांगितलंत तर तो भाऊच्या धक्क्याला नेऊन सोडेल, जिथून मांडव्याची रो-रो सुटते. म्हणून 'बॅलार्ड इस्टेट, क्रूझ टर्मिनल' सांगा आणि तिकिटावर लिहिलेलं गेट दाखवा. २०२१ पासून इथून नियमित चालत आलेली बोट म्हणजे कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस'. १९९० साली बांधलेलं, सुमारे ४८,५०० टनांचं हे जहाज. (इथे टन म्हणजे वजन नव्हे, जहाजाच्या आतल्या एकूण जागेचं माप.) आजच्या मानानं ते लहान, आणि केबिनही लहान. दोन कडक मोठ्या बॅगा उघड्या ठेवल्या तर चालायला वाट उरत नाही, म्हणून पलंगाखाली सरकतील अशा मऊ बॅगा घ्या. गोव्याच्या फेरीला पासपोर्ट लागत नाही, सरकारी ओळखपत्राची मूळ प्रत पुरते. लक्षद्वीपच्या फेरीला मात्र प्रवेश परवाना लागतो. त्याचे कागद कंपनी आधी मागवून घेते, ते वेळेत द्या. तिथे बोट धक्क्याला लागत नाही. छोट्या होडीत उतरून बेटावर जावं लागतं, आणि लाटा असल्या तर उतरणं रद्द होतं. लक्षद्वीपसाठीच जात असाल तर ही शक्यता मनात धरून चला.

हंगामाचं म्हणाल तर नारळी पौर्णिमेनंतर कोळी बांधव होड्या पाण्यात घालतात, पण क्रूझसाठी तेही लवकरच. सप्टेंबरभर अरबी समुद्रात उसळी असते. पावसाळ्यात ही बोट चेन्नईकडे जाऊन श्रीलंकेच्या फेऱ्या करते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी निवडावा. शनिवार-रविवार धरून असलेल्या दोन रात्रींच्या फेऱ्यांना कंपन्यांचे ऑफसाइट आणि बॅचलर पार्ट्या भरलेल्या असतात, डेकवर मध्यरात्रीपर्यंत डीजे चालतो. निवांत बसून बोलायचं असेल तर आठवड्यातल्या मधल्या वारांची फेरी पाहा. गोव्यात बोट मुरगावला लागते. तिथून पणजी सुमारे ३० किलोमीटर. गोवा पाहिलेला असेल तर त्या दिवशी उतरू नका. बाकीचे उतरल्यावर रिकामा झालेला पूल आणि डेक हाच त्या फेरीतला सगळ्यात छान दिवस ठरतो.

आता सिंगापूर. तिथे दोन वेगवेगळी क्रूझ टर्मिनल आहेत आणि घोळ होतो तो इथेच. मोठी जहाजं बहुतेक मरिना बे क्रूझ सेंटरवरून सुटतात. त्याला जवळचं एमआरटी (तिथली मेट्रो) स्टेशन मरिना साउथ पिअर. दुसरं टर्मिनल हार्बरफ्रंटला, व्हिवोसिटी मॉलला लागून. दोन्हींत सहा-सात किलोमीटरचं अंतर आहे आणि हॉटेल चुकीच्या बाजूला घेतलं तर बॅगांसह फिरावं लागतं. समुद्राच्या दृष्टीनं सिंगापूर नवख्यांना फार चांगलं. मलाक्काची सामुद्रधुनी दोन्ही बाजूंनी जमिनीनं वेढलेली, त्यामुळे पेनांग आणि पोर्ट क्लांगच्या फेरीत पाणी बहुधा संथ असतं. फुकेतची बाजू अंदमान समुद्राची. तिथे जून ते सप्टेंबर लाटा असतात आणि मोठी बोट पातोंगसमोर नांगर टाकून होडीनं उतरवते. व्हिएतनामकडची फेरी असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी दक्षिण चीन समुद्र खवळलेला असतो.

पेनांगचं बंदर जॉर्जटाउन शहराच्या काठावरच आहे. उतरलं की लिटल इंडिया चालत गाठता येतं, सहल विकत घ्यायची गरज नाही. पोर्ट क्लांगहून क्वालालंपूर मात्र तासा-सव्वा तासावर, वाहतूक असली तर त्याहूनही जास्त; तिथे स्वतःच्या जिवावर दूर जाऊ नका.

कागद: सिंगापूरचा व्हिसा अनेकदा प्रवेशाचा आहे ना ते पाहून घ्या, कारण बोट बाहेर जाऊन परत येते तेव्हा तो तुमचा दुसरा प्रवेश असतो. एसजी अरायव्हल कार्ड (सिंगापूरच्या प्रवेशाचा फॉर्म) पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं, आणि बोटीवरून परतताना पुन्हा नवं. ते फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची. मलेशिया आणि थायलंडच्या व्हिसामाफीच्या सवलती मुदतीच्या असतात, बुकिंगच्या दिवशी त्या त्या दूतावासाच्या पानावर पाहा. वाटेतल्या एकाही देशाचा कागद कमी असला तर बोटीवर चढूच देत नाहीत, 'आम्ही तिथे उतरणार नाही' हे चालत नाही. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध हवा.

आमचं मत: एकच सहल होणार असेल आणि पासपोर्ट तयार असतील, तर सिंगापूरहून चार रात्री, पेनांग ज्यात आहे अशी. त्या बाजूची जहाजं दीड लाख टनांच्या घरातली असतात, त्यामुळे हेलकावा कमी जाणवतो. 'आपल्याला बोट मानवेल का' हीच शंका असेल तर आधी मुंबई–गोवा करून पाहा.

प्रश्न: आम्ही कॉलेजचे पाच मित्र. एका केबिनमध्ये तिघे आणि दुसरीत दोघे असं स्वस्त पडतं. करावं का? एक जण जोरात घोरतो. (एक वाचक, पुणे)

उत्तर: केबिनचं भाडं माणशी छापलेलं असलं तरी ते दोघांच्या हिशेबानं असतं. तिसरा स्वस्तात जातो हे खरं, पण त्याला कुठे झोपवतात ते विचारा. बऱ्याच केबिनमध्ये तिसरा पलंग भिंतीतून किंवा छतातून उघडतो आणि त्यावर शिडीनं चढायचं असतं. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या माणसाला चालत्या बोटीत शिडी उतरणं धोक्याचं आहे. उघडून पलंग होणारा सोफा असेल तर एक वेळ ठीक. शिवाय केबिनला बाथरूम एकच, तेही अगदी चिंचोळं. सकाळी सहलीला निघताना तिघांचा खोळंबा होतो.

पाच जणांना तीन केबिन घ्या आणि घोरणाऱ्या मित्राला एकटी द्या. एकट्याला बहुतेक वेळा दोघांचं पूर्ण भाडं लागतं. तो वाढीव भार एकट्यावर न टाकता पाच जणांत वाटून घ्या आणि हे बुकिंगच्या आधी ठरवा. काही जहाजांवर एकट्या प्रवाशासाठी छोट्या केबिन असतात, पण थोड्या, आणि त्या आधी संपतात.

जागा निवडताना डेकचा नकाशा उघडून केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते पाहा. वर पूल किंवा बुफे असेल तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली नाट्यगृह किंवा डिस्को असेल तर रात्री. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असलेला डेक सगळ्यात शांत. लिफ्टच्या जवळ पण लिफ्टच्या समोर नाही. तीनशे मीटरहून लांब जहाजावर टोकाची केबिन म्हणजे जेवायला जाताना रोज मोठी चाल. 'गॅरंटी' नावाचं स्वस्त भाडं घेऊ नका. त्यात केबिन कंपनी ठरवते आणि पाच मित्र तीन वेगळ्या डेकवर जाऊन पडतात. खिडकीच्या केबिनला 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' लिहिलं असेल तर समोर लाइफबोट टांगलेली असते. दिवसभर बाहेर राहणाऱ्यांना तो सौदा वाईट नाही.

एक गोष्ट फार कमी जण विचारतात. काही कंपन्यांच्या मद्याच्या पॅकेजचा नियम असा की एका केबिनमधल्या एका प्रौढानं घेतलं तर दुसऱ्यानंही घ्यायलाच हवं. पिणाऱ्याला आणि न पिणाऱ्याला एका केबिनमध्ये टाकलंत तर न पिणाऱ्याच्या माथी खर्च बसतो. जोड्या लावताना घोरण्याइतकाच हाही विचार करा.

प्रश्न: भूमध्य समुद्राच्या माहितीपत्रकात 'रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस' असं लिहिलंय. सात दिवसांत तीन शहरं पाहून होतील का? आम्ही चार जोडपी, दोघींचे गुडघे दुखतात. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: माहितीपत्रकात शहराचं नाव असतं, बोट बंदराला लागते. दोन्हींतलं अंतर हाच तुमच्या सहलीचा खरा नकाशा. 'रोम' म्हणजे चिविटावेक्कियाचं बंदर, रोमपासून सुमारे ८० किलोमीटर. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, सुमारे ९० किलोमीटर, किंवा त्याहून दूरचं ला स्पेत्सिया. 'व्हेनिस' तर आणखी फसवं: १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांहून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या ज्युदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे, म्हणून बरीच मोठी जहाजं सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या राव्हेन्नाला लागतात, काही त्रिएस्तेला. बाकीच्या युरोपातही हेच. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, सुमारे २०० किलोमीटर. 'बर्लिन' म्हणजे वार्नेम्युंडे, एका बाजूनं जवळपास तीन तास. 'लंडन' म्हणजे साउदॅम्प्टन. बोट दहा-अकरा तास थांबते, त्यातले चार ते सहा तास बसमध्ये जातात. रोम आणि फ्लॉरेन्स हे शहर म्हणून पाहायचे असतील तर क्रूझच्या आधी किंवा नंतर दोन-तीन रात्री राहून पाहा, बोटीच्या थांब्यात नाही.

त्यामुळे सुरुवात आणि शेवट कुठे, हे तुमच्यासाठी महत्त्वाचं. एमएससी आणि कोस्टा या क्रूझ कंपन्यांच्या बऱ्याच फेऱ्या गोल फिरत असतात आणि एकाच बोटीवर बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ, चिविटावेक्किया अशा कुठल्याही बंदरातून चढता येतं. बोट तीच, जेवण तेच, भाडं मात्र वेगळं असू शकतं आणि तुमची दगदगही. आमची पसंती बार्सिलोनाला. विमानतळ शहरालगत, बंदर जुन्या शहराच्या पायथ्याशी, आदल्या दिवशी उतरून हॉटेलातून टॅक्सीनं थोड्या वेळात बोटीवर. चिविटावेक्कियाला सुरुवात केलीत तर रोमच्या विमानतळावरून किंवा तेर्मिनी स्टेशनवरून बॅगांसह आगगाडी, मग स्टेशनपासून बंदराची बस, मग बंदरातली शटल. आठ माणसं आणि सोळा बॅगा असतील तर आधी ठरवलेली मोठी व्हॅन माणशी फार महाग पडत नाही.

ग्रीसची बेटं हवी असतील तर अथेन्सच्या बंदरातून, पिरेयसहून निघा. अथेन्सच्या विमानतळावरून मेट्रोची तिसरी मार्गिका २०२२ पासून थेट पिरेयसपर्यंत जाते. गर्दीच्या वेळी मात्र खिसेकापू असतात, त्यामुळे पासपोर्ट आतल्या खिशात.

आता गुडघे. प्रत्येक थांब्यासमोर 'डॉक्ड' (बोट धक्क्याला लागते) लिहिलंय की 'टेंडर' ते पाहा. टेंडर म्हणजे बोट खोल पाण्यात उभी आणि तुम्हाला छोट्या होडीत पाऊल टाकून काठाला जायचं. होडी खालीवर होत असते, खलाशी दोन्ही दंड धरतात, पण पायरीची उंची प्रत्येक लाटेला बदलते. सांतोरिनी हे त्याचं सगळ्यात कठीण उदाहरण: टेंडरनं जुन्या धक्क्यावर उतरल्यावर वर फिरा गावात जायला केबल कार, खेचर-गाढवं किंवा जवळपास सहाशे पायऱ्या. तीन-चार बोटी एकाच दिवशी आल्या की केबल कारची रांग तासभरही चालते, आणि परतीला तर सगळेच एकदम येतात. दुखऱ्या गुडघ्यांना पायऱ्याही नकोत आणि गाढवही नको. शेवटच्या होडीच्या दोन तास आधी केबल कारच्या रांगेत लागा. पाँपेईच्या दगडी रस्त्यांवर आणि दुब्रोव्निकच्या तटबंदीवरही गुडघे बोलतात. आठ जणांनी दोन गट करावेत: दोघी-तिघी बंदराजवळच्या चौकात निवांत, बाकीचे वर. प्रत्येक थांब्यावर सगळ्यांनी एकत्रच फिरायचं हा हट्ट मित्रमंडळींच्या सहली बिघडवतो.

शेंगेन व्हिसा ज्या देशात मुक्काम जास्त त्याच्याकडे मागायचा, समसमान असेल तर जिथून आधी प्रवेश त्याच्याकडे. फेरीत तुर्कस्तान, माँटेनेग्रो किंवा ट्युनिशिया असेल तर बोट शेंगेनबाहेर जाऊन परत येते, म्हणून अनेकदा प्रवेशाचा व्हिसा मागा आणि फेरीचा कार्यक्रम अर्जाला जोडा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, पण तेवढ्यावर थांबू नका, पुढच्या उत्तरात कारण आहे. महिना मे किंवा सप्टेंबरअखेर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आपल्या एप्रिलसारखं आणि गर्दी कुंभासारखी.

प्रश्न: मला रक्तदाब, एका मैत्रिणीला मधुमेह, आणि तिसरीला घाटात गाडी लागते. बोट लागेल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: गाडी लागते तिला बोट लागेलच असं नाही, पण तयारीनं जा. केबिन खालच्या डेकवर, जहाजाच्या मधोमध घ्या. हेलकावा तिथे सगळ्यात कमी. टोकाची आणि वरच्या डेकची बाल्कनी महागही आणि जास्त हलणारीही. स्टुजेरॉन, अव्होमिन यांसारख्या गोळ्या त्रास सुरू होण्याआधी घ्यायच्या असतात, उलटी सुरू झाल्यावर पोटात टिकत नाहीत. त्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना काही गोळ्या चालत नाहीत. म्हणून रोजच्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवून मगच ठरवा आणि एक गोळी आधी घरी घेऊन पाहा. रिकाम्या पोटी राहू नका, फोनकडे टक लावू नका, मोकळ्या डेकवर क्षितिजाकडे पाहा.

चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावरच काढून घेतात आणि केबिनच्या दाराशी संध्याकाळपर्यंत येतात. इन्सुलिन, रोजच्या गोळ्या, चष्मा, पासपोर्ट हातातल्या पिशवीत हवेत. केबिनमधला छोटा फ्रीज बऱ्याचदा नुसता थंडावा देतो. इन्सुलिनसाठी नीट तापमानाचा फ्रीज आणि सुयांसाठी डबा बुकिंगच्या वेळीच मागा. औषधं दोन जागी विभागा, आणि मुक्कामापेक्षा चार दिवसांची जास्त न्या.

बोटीवर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो, पण बिल केबिनच्या खात्यावर, परदेशी दरानं. भारतातला आरोग्य विमा तिथे सहसा चालत नाही. प्रवास विमा घेताना तीन गोष्टी लिहून मागा: क्रूझ समाविष्ट आहे का, बोटीवरून रुग्णाला हलवण्याचा खर्च आहे का, आणि आधीपासूनच्या आजारांना काय संरक्षण आहे. मधुमेह लपवून घेतलेला विमा दाव्याच्या वेळी निरुपयोगी ठरतो. पोटाचा संसर्ग टाळायला बुफेआधी साबणानं हात धुवा. नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही.

प्रश्न: आमची बारा जणींची भिशी आहे, त्या पैशातून सिंगापूरची क्रूझ ठरलीय. एकीनंच सगळ्यांचे पैसे भरावेत का? आणि कुणी ऐन वेळी गळाली तर? (एक वाचक, सांगली)

उत्तर: एकीच्या खात्यातून भरणं सोयीचं वाटतं, पण भारतातल्या एजंटकडून परदेशी सहल घेतली की त्यावर टीसीएस (विक्रेत्यानं आगाऊ घेतलेला आयकर) कापला जातो आणि तो पैसे भरणारीच्या पॅनवर जमा दिसतो. बाकी अकरा जणींना तो विवरणपत्रात वळता करून घेता येत नाही. म्हणून पावत्या प्रत्येकीच्या नावानं आणि प्रत्येकीच्या पॅनवर घ्या. बुकिंगची चौकशी मात्र एकीनंच करावी. आठ केबिनच्या पुढे बऱ्याच कंपन्या गटाचा दर देतात. तुमच्या सहा होतात, तरी विचारून पाहायला हरकत नाही.

छापील भाड्यावर काय काय चढतं ते आधी कागदावर मांडा. बंदर शुल्क आणि कर. रोजची टीप, जी अमेरिकी कंपन्यांच्या बोटींवर माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर असते: १८ धरली तर चार रात्रींना माणशी ७२, बारा जणींच्या ८६४ डॉलर. पेयांवर १८ ते २० टक्के सेवा शुल्क. वायफाय, खास रेस्टॉरंट, किनाऱ्यावरच्या सहली. मग विमान, व्हिसा, विमा, आदल्या रात्रीचं हॉटेल. बोटीवर रोख चालत नाही, केबिनच्या कार्डावर खर्च चढतो. प्रत्येकीनं आपलं स्वतंत्र कार्ड जोडावं, नाहीतर उतरताना एकीच्या नावावर बाराजणींचा हिशेब निघतो.

गळतीचं सांगायचं तर अनामत भरून जागा धरता येते आणि उरलेली रक्कम निघण्याच्या साधारण अडीच-तीन महिने आधी भरावी लागते. ती तारीख उलटली की रद्द करण्याचा दंड पायरीपायरीनं वाढतो आणि शेवटच्या दोन आठवड्यांत बहुधा काहीच परत मिळत नाही. केबिनमधल्या दोघींपैकी एक गळाली तर राहिलेलीवर एकटीचं भाडं येऊ शकतं. बऱ्याच कंपन्या ठरावीक मुदतीआधी एक नाव बदलू देतात, ती मुदत एजंटकडून ईमेलवर लिहून घ्या. आणि भिशीत एक तेरावी इच्छुक मैत्रीण, पासपोर्ट तयार असलेली, हाताशी ठेवा.

प्रश्न: जैन जेवण मिळतं का? घरचे लाडू, चिवडा आणि चहाची किटली नेली तर? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: मुंबई आणि सिंगापूरच्या बोटींवर शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं, पण बुकिंगच्या वेळी नोंदवलेलं असेल तर. चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी रेस्टॉरंटच्या प्रमुखाला भेटून दुसऱ्या दिवसाचं सांगून ठेवा. युरोपच्या बोटींवर 'व्हेजिटेरियन' पदार्थात चीज आणि सॅलडच जास्त. तिथे 'इंडियन व्हेजिटेरियन' असं स्पष्ट लिहा. कंपनीच्या पाकिटबंद वस्तू बहुधा चालतात, घरचे शिजवलेले पदार्थ काढून घेतले जाऊ शकतात. किटली, इस्त्री, निरांजन, कापूर, उदबत्ती चालत नाही. समुद्रात आगीइतकं भय कशाचंच नसतं. सर्ज प्रोटेक्टर (वाढीव विजेपासून संरक्षण) असलेला एक्स्टेंशन बोर्डही चालत नाही, कारण जहाजाच्या वीजरचनेत तो तापून पेटू शकतो. साधा यूएसबी चार्जर न्या.

प्रश्न: आमचे मित्र सिअ‍ॅटल, टोरंटो आणि पुण्यात विखुरलेले आहेत. अलास्काला जायचंय, सिअ‍ॅटलहून की व्हँकुव्हरहून? (एक वाचक, सिअ‍ॅटल)

उत्तर: आधी सगळ्यांचे पासपोर्ट आणि व्हिसा एका कागदावर मांडा. अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजाला अमेरिकी बंदरातून निघून तिथेच परतताना मध्ये परदेशी बंदराला लागावंच लागतं. म्हणून सिअ‍ॅटलच्या फेऱ्या कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तासांसाठी थांबतात, बरेचदा संध्याकाळी. तेवढ्यासाठीही पुण्याहून येणाऱ्याला अमेरिकेसोबत कॅनडाचा व्हिसा हवा. एच-१बी (अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसा) वर असणाऱ्या भारतीयालाही तो लागतो. ग्रीन कार्डधारकाला लागत नाही, भारतीय पासपोर्ट आणि कार्ड बरोबर हवं. ज्याच्या अमेरिकी व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली आहे त्यानं पैसे भरण्याआधी वकिलाला विचारावं. व्हँकुव्हरहूनही दोन्ही व्हिसा लागतात, कारण अलास्का अमेरिकेत आहे. व्हँकुव्हरच्या कॅनडा प्लेस या क्रूझ धक्क्यावरच अमेरिकी तपासणी होते.

व्हिसाच्या बाबतीत दोन्ही सारखेच, तेव्हा निवड समुद्रावर करा. व्हँकुव्हरची बोट बेटांच्या आडोशानं, इनसाइड पॅसेजमधून जाते. दोन्हीकडे डोंगर आणि पाणी शांत. सिअ‍ॅटलची बोट बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून जाते आणि पहिला दिवस हलण्यात जाऊ शकतो. व्हँकुव्हरच्या विमानतळावरून मेट्रोनं वॉटरफ्रंट स्टेशन अर्ध्या तासाच्या आत, तिथून धक्का पायी. टोरंटो आणि पुण्याच्या मित्रांनाही तेच सोयीचं. सिअ‍ॅटलच्या घरी राहून पुण्याच्या पाहुण्यांना जेट लॅग घालवायचा असेल तरच सिअ‍ॅटल घ्या, आणि पिअर ९१ की पिअर ६६ हे तिकिटावर पाहा. दोन्ही वेगळ्या ठिकाणी आहेत. ग्लेशिअर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना प्रवेश असतो, म्हणून कार्यक्रमात ते नाव आहे का ते वाचा. महिना मे घ्या: अलास्काच्या त्या पट्ट्यात पाऊस तेव्हा कमी, भाडंही जून-जुलैपेक्षा बहुधा कमी.

प्रश्न: किनाऱ्यावर फिरताना उशीर झाला तर बोट थांबते का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: बोटीनं विकलेल्या सहलीवर असाल तर थांबते, किंवा पुढे पोहोचवण्याची सोय कंपनी करते. स्वतः फिरत असाल तर थांबत नाही. पुढचं बंदर स्वखर्चानं गाठावं लागतं, आणि पासपोर्ट बोटीवर राहिला असेल तर आणखी कठीण. 'ऑल अबोर्ड'ची, म्हणजे सगळ्यांनी बोटीवर परतण्याची, वेळ बोट सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. ती बोटीच्या घड्याळानं, आणि बोटीचं घड्याळ गावातल्या घड्याळापेक्षा वेगळं असू शकतं. फोन किनाऱ्यावरच्या टॉवरवरून वेळ बदलतो, म्हणून हातात साधं घड्याळ लावा आणि उतरताना ते बोटीच्या वेळेशी जुळवा. फोन समुद्रात फ्लाइट मोडवर. बोटीवरचं मोबाइल नेटवर्क आपोआप जोडलं जातं आणि काही मिनिटांत हजारोंचं बिल येतं. पहिल्या दिवशी विमानाला उशीर झाला तर तोच नियम, चेक-इन बोट सुटण्याच्या तास-दीड तास आधी बंद होतं. त्यामुळे कुठल्याही बंदराला, मुंबईबाहेरून येणाऱ्यांनी मुंबईलासुद्धा, आदल्या दिवशी पोहोचा.